वनस्पतींच्या तंतूंनी बळकट केलेली जैवविघटनशील प्लास्टिक फिल्म : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान गोव्यातील कुळागरांचे (माडा-पोफळींच्या बागायतींचे) मालक, स्वयंसाहाय्य गट, लघुउद्योजक आणि विज्ञानाचे शिक्षक यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. केळीचे सोप (खोडाचे थर), अननसाची पाने आणि नारळाची सोडणे या तिन्ही वस्तू आपल्याकडे सहज मिळतात, त्यामुळे त्यांचा धागा घालून पिशव्या करता येतील का, असे अनेक जण विचारतात. करता येतात. मात्र धागा कोणत्या झाडाचा आहे यापेक्षा तो किती बारीक केला आहे, यावर फिल्मची मजबुती अवलंबून असते. पुढील बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

जैवविघटनशील प्लास्टिक मुळातच पुरेसे मजबूत नसते का? त्यात तंतू कशाला घालायचे?

या नावाखाली विकली जाणारी प्लास्टिके एकसारखी नाहीत. पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल, हे मका, ऊस किंवा टॅपिओका यांतील साखर आंबवून मिळणाऱ्या लॅक्टिक आम्लापासून तयार होते. त्याची ताणशक्ती ५० ते ७० मेगापास्कल असते, म्हणजे नेहमीच्या पॉलिथिनपेक्षा चांगलीच जास्त. परंतु ओढले असता ते मूळ लांबीच्या जेमतेम ५ टक्के वाढते आणि तडकते. पीबीएटी या दुसऱ्या प्लास्टिकचा स्वभाव याच्या उलट आहे. ते तुटण्यापूर्वी मूळ लांबीच्या ५०० टक्क्यांहून अधिक ताणले जाते, पण मऊ असल्यामुळे वजन पडताच लोंबू लागते. (पीबीएटी आज मुख्यतः पेट्रोलियमपासून बनते आणि तरीही ते जैवविघटनशील आहे, ही गोष्ट अनेकांना पटत नाही, पण विघटन हे पदार्थाच्या रेणूरचनेवर ठरते, तो कशापासून बनवला यावर नव्हे.) स्टार्चमध्ये ग्लिसरीन घालून केलेली फिल्म सर्वांत स्वस्त पडते, मात्र दमट हवेत ती ढिली पडते आणि पाण्यात विरते. जिवाणूंच्या शरीरात तयार होणारे पीएचबी हे चौथे. मॉरिस लेमोआन्य यांनी १९२६ मध्ये त्याचे वर्णन केले होते. तेही ठिसूळच आहे.

बाजारातील कंपोस्टयोग्य पिशव्या म्हणूनच बहुधा मिश्रणाच्या असतात, म्हणजे पीबीएटीमध्ये पीएलए किंवा स्टार्च मिसळलेले असते. अशा मऊ मिश्रणाला ताठपणा देणे आणि महागड्या प्लास्टिकचे प्रमाण थोडे कमी करणे, ही दोन कामे तंतू करतात. तंतू घातल्याने ठिसूळ पीएलए चिवट होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. ते अधिक ताठ होते, पण चिवटपणा बहुधा घटतोच. ‘तंतू म्हणजे सर्व बाजूंनी बळकटी’ असे सांगणाऱ्या जाहिराती येथेच दिशाभूल करतात.

तंतू फिल्मला बळ देतात म्हणजे नेमके काय करतात?

फिल्म ओढली की ताण आधी प्लास्टिकवर येतो आणि तंतूच्या पृष्ठभागावरून हळूहळू तंतूत उतरतो. हे हस्तांतरण पूर्ण होण्यासाठी तंतूला एक किमान लांबी लागते. तंतूची ताणशक्ती त्याच्या जाडीने गुणावी आणि तंतू व प्लास्टिक यांच्यातील पकडीच्या दुपटीने भागावे, म्हणजे ही लांबी मिळते. काथ्याचा धागा २०० मायक्रॉन जाड (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्याची ताणशक्ती १७५ मेगापास्कल आणि पकड ५ मेगापास्कल धरली, तर हे उत्तर साडेतीन मिलिमीटर येते. प्लास्टिक वितळवून मिसळणाऱ्या यंत्राच्या स्क्रूमधून जाताना धागे तुटून बहुधा १ मिलिमीटरच्याही खाली येतात, म्हणजे काथ्याला आपले बळ दाखवण्याची संधीच मिळत नाही. सैल लाकडातून खिळा निसटावा तसा तो प्लास्टिकमधून निसटतो. याउलट केळीच्या धाग्यातील सुटी केलेली एक पेशी साधारण २० मायक्रॉन रुंद असते. तिची ताणशक्ती ५०० मेगापास्कल धरली तरी लागणारी लांबी १ मिलिमीटर येते, आणि तेवढी लांबी या पेशीत मुळातच असते.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत, कारण एकाच झाडाच्या दोन धाग्यांची ताकदही वेगवेगळी असते. पण त्यातून दिसणारी दिशा बदलत नाही. धागा जितका बारीक, तितका तो कमी लांबीतही उपयोगी पडतो आणि पकड वाढवली की ही गरज आणखी घटते.

काथ्याच्या दोराने होडी बांधता येते, मग काथ्या घातलेली पिशवी मजबूत का होत नाही?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, म्हणून त्याला जरा सविस्तर उत्तर द्यायला हवे.

हातात धरायची कंपोस्टयोग्य पिशवी साधारणपणे २० ते ५० मायक्रॉन जाडीची असते. काथ्याचा एक धागा १०० ते ४५० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे धागा फिल्मच्या आत मावतच नाही. फिल्मच त्याच्याभोवती ताणून बसवलेली असते. अशा ठिकाणी धाग्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा थर कागदाहूनही पातळ होतो, धाग्याच्या टोकाशी पोकळी राहते आणि पिशवीत दोन नारळ टाकताच चीर नेमकी त्या टोकापासून सुरू होते. फुग्यासारखी फुगवून केलेली फिल्म तर तयार होत असतानाच तेथे फाटते.

दुसरे कारण काथ्याच्या अंतर्रचनेत आहे. वनस्पतीच्या तंतूची ताकद सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म धाग्यांतून येते आणि हे धागे पेशीच्या भिंतीत मळसूत्रासारखे गुंडाळलेले असतात. अननसाच्या तंतूत ते अक्षाशी सुमारे ८ ते १५ अंशांचा कोन करतात, म्हणजे जवळजवळ सरळ असतात. काथ्यात हा कोन ३० ते ४९ अंशांचा असतो. त्यामुळे काथ्या ओढला की आधी त्याचे मळसूत्र उलगडते आणि तो १५ ते ४० टक्के लांबतो. धक्का सोसणाऱ्या दोराला हा गुण उत्तम. फिल्मला ताठपणा देण्यासाठी तो निरुपयोगी. शिवाय काथ्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ, ४० ते ४५ टक्के असते. खारे पाणी आणि कुजणे यांना काथ्या दाद देत नाही तो या लिग्निनमुळेच, आणि त्याचा लगदा सहज होत नाही तोही त्यामुळेच.

याचा अर्थ काथ्या टाकाऊ आहे असा नाही. रोपांची कुंडी, जाड तक्ता, ट्रे, फळांच्या पेटीतील कप्पे अशा १ मिलिमीटरहून जाड वस्तूंत तो फार चांगले काम करतो. आमचे स्पष्ट मत असे की गोव्यात काथ्याचा उपयोग तिकडेच व्हावा आणि पातळ फिल्मसाठी केळी व अननस यांच्याकडे पाहावे.

मग गोव्यात मिळणाऱ्या तंतूंपैकी फिल्मसाठी कोणते योग्य?

अननसाचा तंतू गुणांनी पहिला. त्यात सेल्युलोज ७० ते ८२ टक्के असते, पेशी अतिशय बारीक असतात आणि ताणशक्ती ४०० मेगापास्कलपासून पुढे मोजली गेली आहे. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात भारतात आणलेले हे झाड आज फोंडा, सत्तरी, सांगे भागांतील कुळागरांत माडा-पोफळींच्या सावलीत वाढते. फळे काढून झाल्यावर जुन्या रोपांची पाने तोडून टाकली जातात, आणि धागा त्याच पानांत असतो. अडचण एवढीच की पाने काटेरी, लहान आणि विखुरलेली असतात, त्यामुळे ती गोळा करण्याची मजुरी धाग्याच्या किमतीला खाऊन टाकते.

व्यवहाराच्या दृष्टीने केळी पुढे राहते. घड उतरवल्यावर खोड कापावेच लागते, म्हणजे कच्चा माल त्याच जागी आणि ठरावीक काळाने मिळत राहतो. तंतूत सेल्युलोज ६० ते ६५ टक्के आणि लिग्निन ५ ते १० टक्के असते, त्यामुळे लगदा करणे तुलनेने सोपे जाते. भौगोलिक मानांकन मिळालेले मयड्याचे केळे असो की साधी साळदाटी, फिल्मच्या दृष्टीने जातीपेक्षा खोडाचा कोणता थर घेतला हे महत्त्वाचे ठरते. बाहेरच्या सोपांत धागा भरड आणि डागाळलेला असतो, मधल्या सोपांतून स्वच्छ व लांब धागा निघतो आणि गाभा भाजीलाच बरा. अबोलीच्या फाती (गजरे) ज्या सोपाच्या दोऱ्याने गुंफतात तो भिजवून सुटा करून पाहिला, तर एका दोऱ्यात किती बारीक तंतू चिकटून बसले आहेत हे उघड्या डोळ्यांनीही दिसते.

चवथीला माटोळी बांधायला रानातून आणतात त्या केवणीच्या सालीतही चांगला वाख असतो, आणि अंबाडी-तागाचे गुण तर सर्वज्ञात आहेत. पण केवण रानात तोडून उद्योग चालवणे योग्य नव्हे, आणि ताग आपल्याकडे पिकत नाही. पोफळीच्या विरीपासून (झावळीच्या बुंध्याकडील रुंद आवरणापासून) ताटल्या थेट दाबून करता येतात. तिचा धागा काढून प्लास्टिकमध्ये घालणे हा उलटा उद्योग ठरेल.

कुळागराच्या मालकाला यातून खरेच काही मिळेल का?

हिशोब खोडातील पाण्यापासून सुरू करावा. केळीच्या ताज्या खोडात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि कोरडा धागा वजनाच्या सुमारे १ टक्काच निघतो. एक टन खोडे टेम्पोत भरून औद्योगिक वसाहतीत नेली, तर बहुतांश भाडे पाण्यासाठी भरल्यासारखे होते. म्हणून धागा काढण्याचे यंत्र कुळागरातच किंवा गावातच हवे, आणि वाहतूक कोरड्या धाग्याची व्हावी. उरलेला ओला चोथा जागीच गांडूळखतात जातो. एकट्या बागायतदाराला असे यंत्र वर्षभर पुरेल इतके काम देता येत नाही, त्यामुळे चार-पाच शेजाऱ्यांनी किंवा गावच्या सहकारी संस्थेने ते मिळून घ्यावे हे बरे.

सुरुवातीला धागा फिल्मच्या कारखान्यासाठी विकण्याऐवजी हस्तकला व दोर यांसाठी विकणे अधिक फायद्याचे ठरते, हेही येथे नमूद करायला हवे. लांब, स्वच्छ धाग्याला तेथे चांगला भाव येतो. फिल्मसाठी आखूड आणि तुटलेला धागाही चालतो, तेव्हा निवडून उरलेला माल तिकडे वळवावा.

धागा थेट प्लास्टिकमध्ये मिसळता येतो का, की आधी काही प्रक्रिया करावी लागते?

प्रक्रियेविना मिसळलेला धागा पकड घेत नाही. त्याच्या पृष्ठभागावर मेण, पेक्टिन आणि हेमिसेल्युलोज असते, आणि सेल्युलोजला पाणी जितके प्रिय तितकेच बहुतेक प्लास्टिकांना ते अप्रिय. सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या सुमारे ५ टक्के द्रावणात धागा काही तास ठेवून तो नीट धुणे. कापूस कॉस्टिक सोड्याने बदलतो हे जॉन मर्सर यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते. धाग्यावर वापरली जाते ती त्याचीच सौम्य आवृत्ती. मेण व हेमिसेल्युलोज निघून गेल्याने पृष्ठभाग खरबरीत होतो आणि जुडग्यातील पेशी सुट्या होऊ लागतात. त्यानंतर कागदाच्या लगद्यासारखे कुटणे येते, ज्यात पोकळ पेशी चपट्या होऊन फितीसारख्या बनतात आणि पातळ थरात मावतात. अधिक पकड हवी असल्यास सिलेन किंवा मॅलिक अ‍ॅनहायड्राइड जोडलेले प्लास्टिक अल्प प्रमाणात वापरतात.

शेवटची पायरी वाळवण्याची. लोक तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. साध्या हवेत धाग्यात ८ ते १२ टक्के ओलावा असतो, तर पीएलए वितळवताना त्यात ०.०२५ टक्क्यांहून अधिक पाणी नसावे असा दंडक आहे. गरम पीएलएमध्ये पाणी गेले की त्याच्या लांब साखळ्या तुटतात, आणि धाग्याने दिलेले बळ प्लास्टिकच्या कमजोरीत वाया जाते. जून ते सप्टेंबर या काळात रात्री भट्टीतून काढलेला धागा सकाळपर्यंत उघडा ठेवला, तर वाळवण्याचा सगळा खर्च पाण्यात गेला असे समजावे.

कॉस्टिक सोड्याचे सांडपाणी आम्लाने उदासीन केल्याशिवाय आणि त्यातील गाळ बाजूला काढल्याशिवाय बाहेर सोडू नये. खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या) किंवा मानशीच्या (त्याच्या पाण्याच्या दाराच्या) जवळ असे काम करूच नये. भात आणि कोळंबी दोन्ही एकदम जातील. हातमोजे व चष्मा न घालता कोणीही हे द्रावण हाताळू नये.

किती टक्के तंतू घालावेत?

पातळ फुगवलेल्या फिल्ममध्ये नीट कुटलेला लगदा वजनाच्या ३ ते ५ टक्के, फार तर १० टक्क्यांपर्यंत. त्यापुढे तंतूंच्या गाठी होतात आणि ताकद वाढण्याऐवजी घटते. जाड दाबीव वस्तूंत २० ते ४० टक्केही चालतात.

यंत्र वेगळे लागते का?

बहुतेक वेळा नाही. दुहेरी स्क्रूच्या एक्स्ट्रूडरमध्ये तंतू व प्लास्टिक मिसळून आधी दाणे करतात आणि मग नेहमीच्या फिल्मयंत्रावर ते चालवतात. बंधन तापमानाचे आहे. २०० अंश सेल्सिअसच्या आसपास वनस्पतीचे तंतू करपू लागतात, फिल्म तपकिरी होते आणि तिला जळका वास येतो. पीबीएटी ११५ ते १२० अंशांच्या आसपास वितळत असल्यामुळे त्याच्याबाबत भीती नाही. पीएलए १५० ते १८० अंशांदरम्यान वितळते, त्यामुळे तेथे मोकळीक कमी उरते. जुन्या पॉलिथिनच्या यंत्रावर काम करणार असाल तर यंत्र पूर्ण रिकामे करून साफ करावे. मागे राहिलेले पॉलिथिन पिशवीत गेले की ती कंपोस्टयोग्य राहत नाही.

नॅनोसेल्युलोजविषयी बरेच ऐकू येते. ते आपल्यासाठी आहे का?

तंतू बारीक करत गेले की शेवटी सेल्युलोजचे स्फटिक उरतात. ते साधारण ५ ते २० नॅनोमीटर रुंद आणि १०० ते ३०० नॅनोमीटर लांब असतात, आणि त्यांचा ताठपणा सुमारे १४० गिगापास्कल, म्हणजे वजनाच्या मानाने पोलादापेक्षाही सरस असतो. ३० मायक्रॉनच्या फिल्ममध्ये असे हजारो स्फटिक एकावर एक मावतात. त्यामुळे जाडीचा प्रश्नच उरत नाही, फिल्म बरीचशी पारदर्शक राहते आणि १ ते ५ टक्क्यांतच फरक दिसतो. कोरड्या हवेत प्राणवायूही अशा फिल्ममधून कमी आत शिरतो, कारण त्याला स्फटिकांना वळसे घालत जावे लागते.

अडचण करण्यात आहे. स्फटिक मिळवण्याची रुळलेली पद्धत म्हणजे सुमारे ६४ टक्के तीव्रतेच्या गंधकाम्लात ४५ अंश तापमानाला सेल्युलोज ठेवणे, आणि नंतर ते आम्ल धुऊन काढायला अतोनात पाणी लागते. शिवाय स्फटिक पाण्यात मिळतात, प्लास्टिकला मात्र कोरडा पदार्थ लागतो आणि वाळवताना ते पुन्हा एकमेकांना चिकटतात. मुंबईच्या माटुंग्यातील सिरकॉट या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेत नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक प्रकल्प आहे; ज्याला या दिशेने जायचे असेल त्याने आधी तेथे चौकशी करावी. गावपातळीवर मात्र चांगला कुटलेला लगदाच करावा. यश निम्मे मिळेल, पण खर्च दहाव्या हिश्शाहूनही कमी राहील असा आमचा अंदाज आहे.

गोव्याच्या पावसाळ्यात अशी पिशवी टिकते का?

स्टार्चची नाही. येथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पावसाळ्यात हवेतील आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८५ टक्क्यांच्या वर राहते. स्टार्चची फिल्म हे पाणी शोषून लोळागोळा होते. तिच्यात केळीचा लगदा घातला तर ती थोडी सावरते, कारण सेल्युलोज स्टार्चपेक्षा कमी पाणी पिते, पण हा फरक बाजारच्या पिशवीला पुरेसा नाही.

पीएलए व पीबीएटीच्या फिल्मचे उलटे होते. प्लास्टिक स्वतः पाण्याला बऱ्यापैकी अडवते, पण पृष्ठभागावर उघडा पडलेला तंतू ओलावा आत ओढून घेतो, फुगतो, वाळला की आकसतो आणि या फुगण्या-आकसण्यात भोवतालची पकड सुटते. म्हणून वखारीत वर्षभर पडून राहिलेल्या तंतुयुक्त पिशव्या नव्याइतक्या मजबूत नसतात. उपाय म्हणून तीन थरांची फिल्म करून तंतू मधल्या थरात ठेवतात. बहुथरी यंत्र ज्यांच्याकडे आहे त्यांनी हाच मार्ग धरावा. इतरांनी माल कोरड्या जागी, बंद वेष्टनात ठेवून सहा महिन्यांत संपवावा.

गरम पातळभाजी किंवा चहा अशा पिशवीतून नेता येईल का?

नेऊ नये. पीएलए ५५ ते ६० अंशांना मऊ पडते आणि उकळती पातळभाजी त्याहून बरीच गरम असते. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत रिकामी वस्तूसुद्धा वाकडी होऊ शकते. डबा न्यावा.

वापरून झाल्यावर ती परसातल्या खतखड्ड्यात विरघळते का? आणि समुद्रात?

तंतू सर्वत्र कुजतो, काथ्या तेवढा सावकाश. प्लास्टिक मात्र परिस्थिती पाहून कुजते. कंपोस्टयोग्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मालाची परीक्षा सुमारे ५८ अंश तापमानाच्या औद्योगिक खतप्रकल्पातील परिस्थितीत होते. तेथे १८० दिवसांच्या आत सेंद्रिय कर्बापैकी किमान ९० टक्के भाग कर्बवायूत जावा लागतो, आणि १२ आठवड्यांनंतर चाळल्यावर २ मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक तुकडे उरता कामा नयेत. घरच्या खड्ड्यात एवढी उष्णता क्वचितच टिकते. तेथे स्टार्च व सेल्युलोज निघून जातात आणि पीएलए महिनोन्‌महिने तसेच राहते.

तंतूंमुळे तुकडे लवकर पडतात, कारण ओल धाग्यांच्या वाटेने आत शिरते. ही गोष्ट खतप्रकल्पात फायद्याची आणि समुद्रकिनाऱ्यावर तोट्याची आहे. समुद्राच्या पाण्यात पीएलए अत्यंत सावकाश विघटित होते, त्यामुळे कळंगुट किंवा पाळोळे येथे टाकलेली तंतुयुक्त पीएलए पिशवी नाहीशी न होता फक्त लहान तुकड्यांत वाटली जाईल. समुद्री पाण्यातील विघटनात पीएचए, म्हणजे पीएचबी ज्यात मोडते त्या गटातील प्लास्टिके पुष्कळ बरी आहेत, पण ती महाग आहेत.

साळगावच्या प्रकल्पासारख्या जैववायू प्रकल्पांत ओला कचरा पिशवीसकट टाकू नये. तेथील टाकीत पिशवी पुरेशी कुजत नाही आणि छाननीत ती एरवीच्या प्लास्टिकप्रमाणे बाजूला काढली जाते. पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात टाकली तर पुनर्वापराच्या पॉलिथिनमध्ये ती भेसळ ठरते. याचे सोयीचे उत्तर आज आपल्या राज्यातील बहुतेक गावांत नाही, आणि पिशवी विकणाऱ्याने ते ग्राहकाला सांगितले पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ आणि त्यातील २०२१ ची दुरुस्ती यांनुसार साध्या प्लास्टिकच्या हातपिशव्या ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ असता कामा नयेत, आणि एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. कंपोस्टयोग्य प्लास्टिकला जाडीची ही अट लागू नाही. मात्र त्याने आयएस/आयएसओ १७०८८ या मानकात बसले पाहिजे आणि उत्पादकाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घेतले पाहिजे. पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ हा शब्द, उत्पादकाचे नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक छापणे आवश्यक आहे.

येथे एक गैरसमज वारंवार दिसतो. प्रमाणित दाणे विकत घेऊन त्यांत आपण केळीचा लगदा मिसळला, तर दाण्यांचे प्रमाणपत्र आपल्या पिशवीला आपोआप लागत नाही. वस्तू बदलली, जाडी बदलली, प्रक्रियेची रसायने आली. त्यामुळे तयार मालाची चाचणी नव्याने करावी लागते. विघटनाच्या चाचणीला सहा महिने लागू शकतात, तेव्हा कर्जाचा हप्ता सुरू होण्याआधी हा काळ हिशोबात धरावा.

शेतीच्या आच्छादनासाठी आणि रोपांच्या पिशव्यांसाठी हे चालेल का?

गोव्यात सर्वांत आधी याच ठिकाणी सुरुवात व्हावी, असे आम्हाला वाटते. काजूची कलमे काळ्या पॉलिथिनच्या पिशवीत वाढवतात, लावणीच्या वेळी पिशवी फाडतात आणि ती डोंगरउतारावर तशीच राहते. काथ्या किंवा केळीचा भरड धागा ३० टक्क्यांपर्यंत घातलेली जाड कुंडी रोपासकट जमिनीत पुरता येते, मुळे तिच्यातून बाहेर पडतात, आणि येथे दिसण्याला, पारदर्शकपणाला किंवा पातळपणाला कोणी विचारत नाही. पावसाळ्यात मऊ पडणे हा दोषही येथे उपयोगीच पडतो, फक्त रोपवाटिकेतील सहा-आठ महिने ती टिकली पाहिजे.

मिरची-भाजीच्या वाफ्यांवरील आच्छादनाची गोष्ट थोडी अवघड आहे. ती फिल्म पुन्हा पातळ, उन्हात पडून राहणारी आणि नंतर नांगरली जाणारी असते. मातीत विघटन होणाऱ्या आच्छादनासाठी २०१८ चे युरोपीय मानक ईएन १७०३३ आहे, ज्यात २० ते २८ अंश तापमानाच्या मातीत दोन वर्षांच्या आत ९० टक्के विघटनाची अट आहे. केवळ ‘कंपोस्टेबल’ असा छाप असलेली फिल्म मातीत कुजेलच असे नाही, त्यामुळे विकत घेताना हे स्वतंत्रपणे विचारावे.

शाळेच्या प्रयोगशाळेत हे दाखवता येईल का?

येईल, आणि कॉस्टिक सोड्याविना येईल. केळीच्या सोपाचा वाळलेला धागा कात्रीने दोन-तीन मिलिमीटर कापून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तासभर उकळावा, स्वच्छ धुवावा आणि भरपूर पाणी घालून मिक्सरमधून काढावा. १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर, दीड ग्रॅम ग्लिसरीन आणि कोरड्या वजनाने पाव ग्रॅम लगदा घालून मंद आचेवर ढवळत राहावे. मिश्रण घट्ट व अर्धपारदर्शक झाले की सपाट ताटलीत ओतून सावलीत सुकू द्यावे. दुसऱ्या ताटलीत लगदा घालू नये आणि तिसरीत तेवढ्याच वजनाचा कापलेला काथ्या घालावा.

वाळल्यावर तिन्ही फिल्मच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापून त्यांना एकेक वजन अडकवत जावे. लगद्याची पट्टी साध्या पट्टीपेक्षा कमी लांबते आणि जास्त वजन पेलते. काथ्याची पट्टी कोठे तुटते ते भिंगाखाली पाहायला लावावे, कारण तुटलेल्या कडेवर धाग्याचे सुटे टोक आणि त्याने सोडलेली रिकामी खाच मुलांना स्वतः दिसते. हा प्रयोग डिसेंबर ते मार्चमध्ये करावा. जुलैत ताटलीतील फिल्म सुकण्याआधीच तिच्यावर बुरशी येते.

आमच्या गटाने फिल्म केली. ती चांगली आहे हे कसे ठरवायचे?

जाडी किमान दहा ठिकाणी मोजावी, कारण तंतू असलेल्या फिल्ममध्ये सरासरीपेक्षा सर्वांत पातळ जागा महत्त्वाची. ताणशक्ती व लांबणे यांची चाचणी फिल्म निघाल्याच्या दिशेने आणि आडव्या दिशेने, अशी दोन्हीकडून करून घ्यावी. यंत्रातून बाहेर पडताना तंतू एकाच दिशेला वळतात, त्यामुळे उभ्या दिशेचा आकडा देखणा येतो आणि पिशवी मात्र बाजूने फाटते. एएसटीएम डी८८२ ही त्यासाठीची नेहमीची पद्धत आहे. फाटण्याचा प्रतिकार वेगळा मोजावा लागतो. सिपेटसारख्या प्लास्टिकविषयक केंद्रीय संस्थेकडे या चाचण्या होतात. नमुने पाठवताना तंतू न घातलेली, त्याच यंत्रावरची, त्याच जाडीची फिल्म सोबत अवश्य पाठवावी. तिच्याशी तुलना केल्याशिवाय तंतूने काय केले हे अहवालातून कळणार नाही.